कठड्यावरचा तपकिरी थर

मित्रांनो, मी एक जुना थर आहे. कशाचा थर, असे तुम्ही विचाराल. सायीचा नाही, धुळीचा नाही आणि रंगाचाही नाही. मी तांब्याच्या ऑक्साइडचा थर आहे. तांबे आणि हवेतला प्राणवायू यांची गट्टी जमली की एक काळपट तपकिरी पदार्थ तयार होतो, तोच मी. पुण्यात शनिवार पेठेतल्या एका धर्मादाय रुग्णालयात डायलिसिसची खोली आहे. तिथे खिडकीजवळच्या खाटेला उजव्या बाजूने कठडा आहे आणि कठड्याच्या वरच्या अंगाला स्टीलची लांब, सपाट पट्टी बसवली आहे. त्या पट्टीवर मी पसरलेला आहे.

मी किती जाड आहे हे सांगितले तर तुम्हाला खोटे वाटेल. तुमच्या डोक्याचा एक केस घ्या आणि त्याचे उभे शेकडो काप करा. त्यातला एक काप म्हणजे माझी जाडी. नखाने खरवडून मी हाताला लागत नाही. माझ्यावर बोट फिरवले तर तुम्हाला स्टीलच लागल्यासारखे वाटते. मी आहे हे फक्त माझ्या रंगावरून कळते, आणि त्या रंगानेच माझ्यावर सगळे प्रसंग आणले.

माझा जन्म एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत झाला. मला जन्म देणाऱ्या मुलीचे नाव ऋतुजा. ती तिथे संशोधन करत होती. लांब पट्टी तापवता येईल अशी शेगडी बाजारात मिळेना, म्हणून तिने बोहरी आळीतून सुटे भाग आणून ती स्वतःच जुळवली होती. पट्टी चांगली तापली की ती तांब्याच्या क्षाराचे पाणी तिच्यावर फवारायची. हे पाणी निळे असते, मोरपिसाच्या डोळ्यासारखे. धुक्याइतके बारीक तुषार गरम स्टीलवर पडायचे, त्यातले पाणी क्षणात उडून जायचे आणि मागे मी उरायचो. निळ्या पाण्यातून तपकिरी थर कसा निघतो, याचे मला स्वतःलाच अजून नवल वाटते.

माझ्याआधी तिने कितीतरी थर घडवले होते. काही पापडासारखे तडकले, काही बोट लागताच निघून आले. मी मात्र टिकलो. तिने माझ्यावर जंतूंचा एक थेंब ठेवला. काही तासांनी तो टिपून, काचेच्या बशीत जेलीसारखे खाद्य असते त्यावर पसरला आणि बशी उबेत ठेवली. जिवंत जंतू असतील तर अशा बशीत दुसऱ्या दिवशी पांढरे ठिपके उगवतात. माझ्या बशीत काही उगवले नाही. ऋतुजाने ती बशी उजेडाकडे धरून पुन्हा पुन्हा पाहिली. मग तिने डबा उघडला आणि सकाळपासून राहिलेली पोळी-भाजी खाल्ली. माझे पहिले कौतुक ते असे झाले.

माझे काम मी तुम्हाला साध्या शब्दांत सांगतो. माझ्यातून तांब्याचे अगदी सूक्ष्म कण सुटत राहतात. जंतू माझ्यावर येऊन बसला की ते कण त्याच्या अंगात शिरतात आणि त्याचे सगळे व्यवहार बंद पाडतात. हे लगेच होत नाही, वेळ लागतो. जंतू मला येऊन भिडावा लागतो. मध्ये तेलाचा किंवा मळाचा पापुद्रा असेल तर माझे काही चालत नाही. म्हणून मला रोज साबणाच्या पाण्याने पुसावे लागते. मी आहे म्हणून पुसायचे नाही, असे कुणी ठरवले तर त्याने मला ओळखलेच नाही.

प्रयोगशाळेतली परीक्षा मी पास झालो, पण ऋतुजाला त्याच्या पुढचे हवे होते. खऱ्या रुग्णालयात, खऱ्या माणसांच्या हातांखाली मी वर्षभर टिकतो का आणि काम करतो का, हे तिला पाहायचे होते. पुष्कळ खेटे घातल्यावर रुग्णालयाचे व्यवस्थापक दिग्विजय यांनी एका खाटेला परवानगी दिली. शेजारची खाट साध्या पट्टीची. आठवड्यातून एकदा ऋतुजा येणार, दोन्ही पट्ट्या कापसाच्या बोळ्याने टिपून नेणार आणि ठिपके मोजणार. वर्षाअखेरीस फरक दिसला तर माझ्यासारखे थर खोलीतल्या सगळ्या खाटांवर चढणार होते.

तिने एक गोष्ट मात्र ठरवून केली होती. मी कोण आहे हे त्या खोलीतल्या कुणालाच सांगायचे नाही. सांगितले की कुणी मुद्दाम हात लावतो, कुणी मुद्दाम टाळतो आणि मग खरे काय ते कळत नाही. संशोधनात असेच करतात. त्यामुळे सफाई करणाऱ्या मुक्ताबाईंना एवढेच सांगितले गेले की पट्टी नवी आहे, नेहमीसारखी पुसा.

मित्रांनो, डायलिसिसच्या खोलीत येणारी माणसे एकदाच येऊन बरी होऊन जात नाहीत. त्यांची मूत्रपिंडे थकलेली असतात. रक्त यंत्रातून फिरवून स्वच्छ करून घ्यायला त्यांना आठवड्यातून दोनदा, तीनदा यावे लागते, तेही जन्मभर. एका हाताला सुया टोचलेल्या असतात, दुसरा हात मोकळा असतो. त्या मोकळ्या हाताने ती कठडा धरतात. अशक्त शरीरात जंतू शिरला तर मोठा घात होतो, म्हणून ती पट्टी स्वच्छ असणे गरजेचे.

मी माणसांना हातावरून ओळखतो. मुक्ताबाईंचा हात खरखरीत आणि नेहमी ओला. सिस्टरांचा हात रबरी मोज्यातला. आणि ज्यांची ही गोष्ट आहे त्या श्यामरावांचा हात कोरडा, लांब बोटांचा आणि सुई आत जाताना माझ्याभोवती घट्ट आवळला जाणारा. त्या वेळी चेहऱ्यावर ते काही दिसू देत नसत. जे काही असायचे ते सगळे मला कळायचे.

श्यामराव बेहेरे शनिवार पेठेतच राहायचे. महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. पत्नी वारल्या होत्या. हेमा ही त्यांची एकुलती एक मुलगी दर सोमवारी आणि गुरुवारी त्यांना रिक्षाने घेऊन यायची आणि खाटेशेजारच्या स्टुलावर रहस्यकथेचे पुस्तक वाचत बसायची. बापलेकीत फार बोलणे होत नसे. तिने पान उलटले की ते विचारायचे, मेला का कुणी? ती म्हणायची, अजून नाही. एवढ्यावर तासभर सरायचा.

मूत्रपिंड बिघडलेल्या माणसाला पाणीसुद्धा मोजून प्यावे लागते. त्यावर ते सिस्टरांना म्हणायचे, "खडकवासल्याचं पाणी आयुष्यभर अख्ख्या पुण्याला सोडलं. आता माझ्याच घरात पाणीकपात. आणि अधिकारी कोण, तर माझी मुलगी."

"तक्रार अर्ज लिहून द्या," हेमा पुस्तकातून डोके वर न काढता म्हणायची.

पहिल्याच दिवशी श्यामरावांना मी खटकलो. शेजारच्या खाटेची पट्टी लखलखीत आणि आपली अशी कळकट, हे त्यांना सहन होईना. त्यांनी मुक्ताबाईंना बोलावले.

"मुक्ताबाई, या खाटेचं आणि पाण्याचं काही भांडण आहे का?"

मुक्ताबाई धायरी गावच्या. शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, पण त्यांची बोली तशीच राहिली होती. त्यांना हे लागले. "रोज पुसतीय मी, काका. त्याचा रंगच तसला हाय."

"मुद्दाम दिलाय म्हणता? मग देणाऱ्याचा सत्कार करायला हवा."

तेव्हापासून दर खेपेला माझ्यावर एक तरी शेरा ठरलेला. मुक्ताबाई चिडून मला जास्तच साबण लावत, त्याचा मला फायदाच झाला. इतर नातेवाईकही कुजबुजू लागले. कुणी दिग्विजय साहेबांना विचारले की खाटा गंजल्यात का. पण जंतू रोज येत होते आणि मी रोज माझे काम करत होतो. श्यामरावांचा हात माझ्यावर विश्वासाने विसावत होता, त्यांच्या मनात मी कळकट असलो तरी. मला तेवढे पुरत होते.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची आणि यंत्रांची पूजा करतात, हे तुम्हाला माहीत आहेच. डायलिसिसच्या यंत्रांनाही हळदीकुंकवाचे बोट लागते, झेंडूची माळ चढते. त्या वर्षी नवमी नेमकी श्यामरावांच्या वाराला आली. सकाळी त्यांनी घरची ताम्हन-पळी चिंचेने घासली होती. पत्नी असताना हे काम तिचे होते, नंतर ते त्यांनी कुणाला करू दिले नाही. भांडी झाली, पण वाटीत चिंचेचा कोळ उरला. आता उरलेला कोळ टाकून द्यायचा, हे काही त्यांना जमण्यासारखे नव्हते. त्यांनी तो एका डबीत भरला आणि सोबत घेतला.

यंत्र सुरू झाले. हेमा औषधे आणायला खाली गेली. श्यामरावांनी मोकळ्या हाताने डबी उघडली, फडक्याचा बोळा त्यात बुडवला आणि मला घासायला सुरुवात केली. चार तास पडून राहायचे होते, दुसरे काम नव्हते.

सिस्टरांचे लक्ष गेले आणि त्या धावतच आल्या. चिंचेत पोटॅशियम फार असते. डायलिसिसच्या माणसाला ती विषासारखी.

"काका, चिंच? तुम्हाला किती वेळा सांगितलंय?"

"खात नाहीये. घासतोय."

"नक्की?"

"हवं तर जीभ बघा."

सिस्टरांनी खरोखर जीभ पाहिली. काकांनी चिंच खाल्ली नाही याचा त्यांना इतका आनंद झाला की ते काय घासत आहेत याकडे त्यांचे लक्षच राहिले नाही. मुक्ताबाई येऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "काका, माझ्या पोटावर पाय देताय व्हय?"

"एका पट्टीनं तुमची नोकरी जाणार असेल, तर ती कधीच गेलेली आहे," श्यामराव म्हणाले आणि घासत राहिले.

मित्रांनो, आंबट रसात माझा टिकाव लागत नाही. मी हळूहळू विरघळत होतो. दुखले का, असे विचाराल, तर नाही. चिंच गार होती आणि घासणारा हात ओळखीचा होता. राग तर मला आलाच नाही. त्यांना कुठे माहीत होते मी कोण ते. बोळा फिरला तिथे मी जाऊन चकचकीत स्टील वर आले. हेमा परत आली तेव्हा श्यामराव घामेजले होते आणि फार खुशीत होते. पट्टीला झेंडूचे फूल लावले गेले.

पुढच्या सोमवारी ऋतुजा बोळे घेऊन आली. पट्टी पाहून ती जागच्या जागी थबकली. हे कुणी केले, असे तिने विचारले.

"मी," श्यामराव म्हणाले. "आभार मानायची गरज नाही."

हेमा खाली गेली होती, तिच्या रिकाम्या स्टुलावर ऋतुजा बसली. मग तिने सगळे सांगितले. मी कोण, कशासाठी, किती महिने झाले होते, किती उरले होते. ती रडली नाही, पण सांगताना तिने हातातला बोळा पिळून पिळून त्याचा धागा करून टाकला. श्यामरावांनी मध्ये एकही शेरा मारला नाही. तिचे संपल्यावर ते छताकडे पाहत म्हणाले,

"म्हणजे माझ्यानंतर या खाटेवर येतात, त्यांच्या वाटचंही पुसून टाकलं मी."

"काका, चूक माझी आहे. मी सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतं तरी मी पुरावा मागितला असता." मग त्यांनी विचारले, "आता काय?"

आता काय, हे दिग्विजय साहेबांनी सांगितले. ते काही वाईट गृहस्थ नव्हते. पण विश्वस्त मंडळी पाहणीला येतात, नातेवाईक नावे ठेवतात, त्यांना उत्तरे द्यावी लागतात. वर्ष तर वाया गेले होते. शिवाय दोन निराळ्या खाटांवरचे ठिपके मोजण्यात अर्थ काय, एका खाटेवर निजणारी माणसेच जास्त स्वच्छ असतील, असे मंडळींपैकी एकाने आधीच म्हटले होते. साहेबांनी ऋतुजाला संक्रांतीपर्यंतची मुदत दिली. तोवर पटेल असे काही दाखवा, नाहीतर ही पट्टी भंगारात, आणि तपकिरी पट्टीचा विषय पुन्हा काढायचा नाही.

त्या दिवशी श्यामरावांचे लक्ष हेमाच्या पुस्तकाकडे नव्हते. ते माझ्याकडे पाहत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी हात लांब करून पट्टीवर बोट टेकवले. त्यांचा हात जिथवर पोचत होता तिथवर स्टील चमकत होते. पलीकडे, पायांच्या बाजूला, मी अजून होतो. खाटेला बांधलेल्या माणसाला तिथवर घासता आले नव्हते.

"हेमा, त्या मुलीला फोन लाव," ते म्हणाले. "एका नळावर दोन मीटर बसलेत म्हणावं."

ऋतुजाला मुद्दा लगेच कळला. पट्टी एक, खाट एक, माणसे तीच. अर्धा भाग थराचा, अर्धा बिनथराचा. पण तिने अडचणही सांगितली. माणसे उशाकडचाच भाग धरतात, पायांकडे कुणाचा हात जात नाही. मग तिकडे जंतू कमी निघाले तर त्याचे श्रेय मला कसे द्यायचे?

"तर दोन्हीकडे सारखा हात लावायचा," श्यामराव म्हणाले. "पाळ्या लावू. एकदा आधी इकडे मग तिकडे, पुढच्या वेळी उलट. पेठांना पाणी असंच वाटत होतो."

तसे ठरले. सुया टोचण्याआधी खाटेवर बसून ते उजवा तळवा चमकत्या भागावर दाबून धरायचे, मग सरकून तितकाच वेळ माझ्यावर. चार तासांनी ऋतुजा दोन्ही भाग टिपून न्यायची आणि त्यानंतर मुक्ताबाई पट्टी पुसायच्या. गुपित आता राहिलेच नव्हते, म्हणून श्यामरावांनी सुवाच्य अक्षरात एक सूचना लिहून कठड्याला चिकटवली. 'पट्टी मळकी नाही. तिचा रंगच असा आहे. घासू नये. शंका असल्यास पडून राहावे.'

या खाटेवर त्यांच्यानंतरच्या पाळीला सर्जेराव यायचे. कात्रजच्या बाजूचे मोठे जमीनदार, आवाज खोलीभर घुमणारा. हात ठेवण्याचा हा विधी ऐकून त्यांना हसू आवरेना.

"बेहेरे काका, आता कठड्याला मुजरा करायचा का काय?"

"मुजरा नको. हात ठेवा. दोन्हीकडे सारखा."

"आन् काय होतं मग?"

"तुम्हाला काही होत नाही. हेच सिद्ध करायचंय."

सर्जेराव हसले, पण पुढच्या खेपेपासून तेही हात ठेवू लागले. आणि असे ठेवू लागले की जणू सातबाऱ्यावर अंगठा उठवायचा आहे.

पहिल्या बशा आल्या त्या दोन्ही कोऱ्या. चमकत्या भागावर जंतू नाहीत आणि माझ्यावरही नाहीत. ऋतुजा गोंधळली. चमकते स्टीलही जंतू मारते की काय, असे सगळे वर्ष उलटे करून टाकणारे उत्तर समोर होते. शेवटी उलगडा झाला. मुक्ताबाईंनी दोन्ही भाग टिपण्याआधीच जंतुनाशकाने पुसून लख्ख केले होते.

"ताई येणार म्हणून आवरून ठिवलं," त्या म्हणाल्या. "पाव्हणं यायच्या आधी आपण घर झाडतोच की."

यावर कुणाला रागावता येईना. श्यामरावांनी त्यांना जवळ बोलावून सांगितले, की या पाहुणीला केरच पाहायचा आहे. मुक्ताबाईंना ते मुळीच पटले नाही. तरी टिपून होईपर्यंत त्या फडके पाठीमागे धरून उभ्या राहू लागल्या. हात शिवशिवत असत, ते मला दुरूनही जाणवायचे.

त्यानंतरचे आठवडे माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले. थंडी पडली होती. लोक स्वेटर घालून यायचे आणि तळवे गार असायचे. आजवर मी न सांगता काम करत होतो, आता सगळ्यांना माझे नाव ठाऊक होते. खाटेवर येणारा प्रत्येक जण दोन्हीकडे हात ठेवायचा आणि मला विचारावे तसे विचारायचा, काय, आज कसं काय? श्यामराव अधिक थकत चालले होते. रिक्षातून उतरल्यावर त्यांना हेमाचा खांदा लागायचा. पण हात ठेवायची पाळी त्यांनी कधी चुकवली नाही. एकदा ग्लानीत त्यांनी क्रम चुकवला, तेव्हा हेमाने त्यांचा तळवा उचलला आणि आधी माझ्यावर ठेवला, मग तिकडे. तिचा हात वरून दाबलेला होता. दोन हातांचे वजन मला तेव्हा पहिल्यांदा कळले.

संक्रांतीच्या आधी ऋतुजा बशांचे फोटो घेऊन आली. तिने ते आधी साहेबांच्या खोलीत न नेता इथे आणले आणि साहेबांनाच इथे बोलावले. एका बशीत चुरमुरे सांडावेत तसे ठिपके. दुसरीत कडेला चुकार दोन-चार. अशा बशांच्या जोड्यांमागून जोड्या.

दिग्विजय साहेबांनी फोटो पुन्हा पुन्हा पाहिले. "ही एकाच पट्टीची दोन टोकं?"

"एकाच पट्टीची, आणि त्याच हातांची," ऋतुजा म्हणाली.

साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा मला हात लावला. मग म्हणाले, "मंडळींना दाखवतो. सगळ्या खाटांवर बसवायला हरकत नाही. फक्त रंग बदलता आला असता तर..."

"साहेब," श्यामराव पडल्यापडल्या म्हणाले, "इथे कुणी रंग बघायला येत नाही."

रंगाचा विषय साहेबांनी पुन्हा काढला नाही. विश्वस्तांनी होकार दिला. ऋतुजा एकेक पट्टी करून आणू लागली. एका रविवारी तिने मलाही प्रयोगशाळेत नेऊन माझ्या चकचकीत अर्ध्या अंगावर पुन्हा थर दिला. तो नवा थर माझ्यापेक्षा थोडा गडद आहे. नीट पाहिले तर आमच्यातला सांधा दिसतो. सोमवारी श्यामरावांनी त्या सांध्यावरून बोट फिरवले आणि काम बरे झाले आहे, असे सांगितले. त्यांच्या तोंडून एवढे निघणे म्हणजे फार.

पुढे उन्हाळ्यात एका सोमवारी ते आले नाहीत. खाट रिकामी राहिली. हेमाचा फोन सिस्टरांनी घेतला, ऐकला, आणि यंत्राला लावायला काढलेल्या नळ्या परत ठेवून दिल्या. रात्री झोपेतच त्यांचे हृदय थांबले होते. जंतूंनी काही केले नव्हते. हृदय थकले होते, आणि तिथवर माझा हात पोचत नाही. मुक्ताबाईंनी त्या दिवशी मला पुसले, आणि पुसून झाल्यावरही फडके थोडा वेळ तसेच माझ्यावर राहिले.

काही आठवड्यांनी हेमा आली. घरी उरलेली औषधे आणि फ्रिजमधली इंजेक्शने कुणा गरजूला उपयोगी पडतील, म्हणून पिशवीत घालून तिने आणली होती. सिस्टरांनी ती मोजून घेतली नाहीत, नुसती कपाटात ठेवली. तोवर खोलीतल्या सगळ्या खाटांवर तपकिरी पट्ट्या बसल्या होत्या. हेमा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहत आली आणि खिडकीजवळ थांबली.

खाटेवर चंद्रभागाबाई नावाच्या एक आजी होत्या. त्यांची ही पहिलीच खेप होती. मुलगा बाहेर कागदपत्रांत अडकलेला, आणि त्या एकट्या, नऊवारीचा पदर घट्ट धरून बसलेल्या. सिस्टर सुई घेऊन आल्या तशा त्या घाबरल्या. कठडा धरायला त्यांनी हात पुढे केला, पण माझा रंग पाहिला आणि हात मागे घेतला. धरायला दुसरे काही नव्हते. हात हवेतच राहिला.

हेमा पुढे झाली. स्टुलावर बसली नाही, वाकली फक्त.

"धरा, आजी. स्वच्छ आहे तो. माझे वडील इथेच असायचे."

"गंजलंय नव्हं?"

"नाही. घट्ट धरलंत तरी चालेल. त्याला सवय आहे."

आजींनी तिच्या तोंडाकडे पाहिले. मग तो हात माझ्यावर आला. रुंद, भेगाळलेला, भीतीने ओला झालेला. सुई आत गेली आणि त्यांनी मला आवळले. यंत्र सुरू झाले. बोटे सैल होईपर्यंत हेमा तिथे उभी राहिली. मग तिने आजींचा पदर खांद्यावर नीट केला, मुक्ताबाईंना येते म्हणाली आणि जिना उतरून गेली.

आता चंद्रभागाबाई आठवड्यातून दोनदा येतात. त्यांचा हात मला आता ओळखू येतो. मी समाधानात आहे.

मित्रांनो, तुमच्या आसपास माझ्यासारखे पुष्कळ असतील. कुणी दारांच्या मुठींवर, कुणी बसच्या दांड्यांवर, कुणी पाण्याच्या टाकीच्या तोटीवर. आम्ही देखणे नसतो. एखादी वस्तू मंद, काळपट दिसली तर ती चकचकीत करण्याआधी एकदा विचारून घ्या, ती अशी का आहे. आणि माझ्यासारख्यांच्या भरवशावर राहू नका. दवाखान्यात कुणाला भेटायला गेलात तर आधी हात नीट धुवा. साबणाने, बोटांच्या बेचक्यांपर्यंत. मग माणसाजवळ बसा, कठडा धरा, हवा तितका वेळ धरा. बाकीचे मी बघतो.